प्रोसेसर घ्यायचा तो नाव पाहून की काम पाहून?

हिवाळा लागला की दोंडाईचाच्या बाजारात लाल मिरचीच्या राशी दिसू लागतात. मुरलेला व्यापारी पोत्यावरचे नाव वाचून भाव बोलत नाही. तो राशीत कोपरापर्यंत हात घालतो, तळची मिरची वर काढतो, देठ पाहतो, ओलावा पाहतो आणि मगच तोंड उघडतो. माल पारखून घेण्याची ही सवय ज्या गावाच्या हाडीमाशी खिळली आहे, त्याच गावातील आमची तरुण मंडळी घरी संगणक जोडायला निघाली की मात्र डब्यावरचे नाव वाचून चाळीस-पन्नास हजार रुपये मोजतात. याचे आम्हाला नवल वाटते आणि थोडे वाईटही वाटते.

संगणक घ्यायचे ठरले की घरात पहिला प्रश्न निघतो तो एकच : प्रोसेसर इंटेलचा की एएमडीचा? एका मित्राने शपथेवर सांगितलेले असते की इंटेलशिवाय दुसरे काही घेऊच नये. दुसऱ्याने तितक्याच ठामपणे सांगितलेले असते की इंटेलचे दिवस संपले, आता जमाना राईझेनचा आहे. दोघेही आपापल्या कंपनीची बाजू अशी लढवतात, जणू त्या कंपनीत त्यांची भागीदारी आहे. आमचे मत आम्ही सुरुवातीलाच सांगून टाकतो. कंपनी ही निष्ठा ठेवण्याची जागा नव्हे. प्रोसेसर घेताना काम, गावचे हवामान, विजेची स्थिती, पुढची पाच वर्षे आणि पक्के बिल या पाच गोष्टी पाहाव्यात. नाव सहाव्या क्रमांकावर आले तरी पुष्कळ झाले.

हा विषय व्यापाराच्या पानावर का, असे कोणी विचारील. कारण आमच्या समाजातील कित्येक घरांत संगणक ही करमणुकीची वस्तू राहिलेली नाही, ती कमाईचे हत्यार झाली आहे. लग्नाच्या पत्रिका, उर्दू शाळांच्या प्रश्नपत्रिका, मदरशांच्या पावत्या इनपेजमध्ये जोडून देणारा मुलगा, आडत दुकानाचा हिशेब टॅलीत लिहिणारा मुलगा, लग्नाचे चित्रण कापून-जोडून देणारा मुलगा, हे सारे घरातल्या एका टेबलावर पोट भरतात. दिवसा त्याच यंत्रावर काम होते आणि रात्री धाकटा भाऊ त्याच यंत्रावर गेम खेळतो. एकाच यंत्राकडून दोन कामे घ्यायची आणि पैसा तर मोजकाच. मग चूक झाली तर ती रोजीवर येते.

एका अक्षराची किंमत

ती कशी येते, हे आम्ही घरातच पाहिले. आमच्या भाच्याने आईच्या भिशीचे पैसे घेऊन एका मोठ्या शहरातून सुटे भाग आणले. मदरबोर्ड, रॅम, एसएमपीएस, कॅबिनेट, सगळे नवे कोरे. रात्री जोडणी केली, बटन दाबले, पंखे फिरले, दिवे लागले. पण मॉनिटर काळाच. दोन दिवस वायरी काढून घालून झाल्या. शेवटी डबा हातात घेऊन आमच्याकडे आला. म्हणाला, "मामू, डब्यावर तर आय-फाइव्हच लिहिलंय. मग चित्र का येत नाही?"

डब्यावर आय-फाइव्ह लिहिलेले होते हे खरे. पण आकड्याच्या शेवटी एक बारीकसे अक्षर होते : एफ. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावापुढे एफ असते, त्यात चित्र दाखवणारा भाग चालू नसतो. त्याला वेगळे ग्राफिक कार्ड लागतेच. हजार-दोन हजार वाचले म्हणून दुकानदाराने तो पुढे केला, आणि भाच्याने ग्राफिक कार्ड "पुढच्या ईदनंतर घेऊ" असे ठरवलेले होते. दुकानदाराला ते माहीत होते. डबा फोडलेला असल्याने माल परत घेतला गेला नाही. दीड महिना ते यंत्र चादरीखाली झाकून पडले आणि त्या दीड महिन्यात परीक्षेच्या प्रश्नपत्रिकांचे काम दुसऱ्याकडे गेले. भाच्याने इंटेल की एएमडी यावर महिनाभर वाद घातला होता. एफ म्हणजे काय, हे मात्र त्याने कोणालाच विचारले नव्हते.

दोन कंपन्यांची खातेवही

ज्यांना एका कंपनीचा फारच अभिमान आहे, त्यांनी दोघींची खाती एकदा उघडून पाहावीत. दोन्हीकडे जमाही आहे आणि नावेही आहे.

इंटेल १९६८ ची, एएमडी १९६९ ची. दोन्ही काढणारी माणसे अमेरिकेतील फेअरचाइल्ड या एकाच कंपनीतून बाहेर पडलेली. आयबीएमने १९८१ मध्ये आपला पर्सनल कॉम्प्युटर काढला तेव्हा त्यात इंटेलचा ८०८८ होता. पण एकाच पुरवठादारावर विसंबायला आयबीएम तयार नव्हती. म्हणून १९८२ च्या कराराने इंटेलच्या नमुन्यावर प्रोसेसर बनवण्याचा परवाना एएमडीला मिळाला. पुढे दोघींत वर्षानुवर्षे कोर्टकचेऱ्या झाल्या. ३८६, ४८६ अशा आकड्यांवर नावाचा हक्क सांगता येत नाही असे तिकडच्या न्यायालयात ठरले, म्हणून १९९३ मध्ये इंटेलने आकडा सोडून पेंटियम हे नाव घेतले. 'इंटेल इनसाइड'ची चिकटपट्टी त्याआधीच, १९९१ पासून, जाहिरातीत आली होती. म्हणजे ज्या नावावर आज मुले भांडतात, ते नाव मुळात कोर्टाच्या एका निकालामुळे जन्माला आले.

त्याच पेंटियममध्ये १९९४ साली दोष निघाला. काही विशिष्ट आकड्यांचा भागाकार चुकत होता आणि तो एका गणिताच्या प्राध्यापकाने शोधून काढला. कंपनीने आधी सांगितले की सामान्य गिऱ्हाईकाला याचा त्रास नाही. ओरड वाढली तेव्हा डिसेंबरमध्ये मागेल त्याला बदलून देण्याचे कबूल केले आणि त्यापोटी ४७.५ कोटी डॉलर खर्ची टाकले. एएमडीच्या खात्यातही असे पान आहे. २०११ च्या तिच्या 'बुलडोझर' प्रोसेसरमध्ये आठ कोअर आहेत अशी जाहिरात होती. ते खरे आठ नव्हेत म्हणून ग्राहक कोर्टात गेले आणि २०१९ मध्ये कंपनीने १.२१ कोटी डॉलर देऊन दावा मिटवला.

आता जमेची बाजू. आज आपण ज्याला ६४ बिट म्हणतो ती व्यवस्था २००३ मध्ये एएमडीने आणली आणि इंटेलनेही ती स्वीकारली. २००६ मध्ये इंटेलने कोअर टू आणून बाजार पुन्हा हातात घेतला. त्यानंतर दहा वर्षे एएमडी मागे पडली होती. २०१७ मध्ये राईझेन आला आणि त्याच वर्षी इंटेलने सामान्य माणसाच्या प्रोसेसरमध्ये चाराचे सहा कोअर केले. स्पर्धा नसती तर हे झाले नसते. बाजारात दोन आडते असले की शेतकऱ्याला भाव मिळतो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. ज्याला इंटेल आवडते त्यानेही एएमडी टिकावी अशी दुआ करावी, आणि ज्याला एएमडी आवडते त्याने इंटेल टिकावी अशी करावी.

या दोन घरांमधले अंतर किती, हे आपल्या महाराष्ट्राशी नाते असलेल्या एका माणसाकडे पाहून कळते. विनोद धाम यांचा जन्म पुण्याचा. पेंटियमचे जनक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. १९९५ मध्ये त्यांनी इंटेल सोडली आणि नेक्सजेन या छोट्या कंपनीत गेले. ती कंपनी एएमडीने विकत घेतली आणि तिच्या कामातून १९९७ मध्ये एएमडीचा के-सिक्स बाजारात आला, तो पेंटियमलाच टक्कर देण्यासाठी. भारत सरकारने २०२५ मध्ये धाम यांना पद्मभूषण दिले. एकाच माणसाचे कसब दोन्ही डब्यांत गेले. एवढेच कशाला, एएमडीचा स्वतःचा कारखाना आता नाही; तिचा माल तैवानच्या टीएसएमसीत बनतो. आणि इंटेलने ऑक्टोबर २०२४ मध्ये काढलेल्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेतील डेस्कटॉप प्रोसेसरचा मुख्य भागही त्याच टीएसएमसीत बनतो. मग भांडण कशाचे?

आणखी एक गोष्ट. इनपेज असो, टॅली असो, श्रीलिपी असो, फोटोशॉप असो की गेम असो, विंडोजवर चालणारे हे सारे दोन्ही कंपन्यांच्या प्रोसेसरवर सारखेच चालते. "एएमडीवर सॉफ्टवेअर चालत नाही" हे वाक्य अजूनही काही दुकानांत ऐकू येते. त्यात तथ्य नाही.

आपले ऊन, आपली वीज

संगणकावरचे बहुतेक सल्ले थंड खोलीत बसून दिलेले असतात. खानदेशातील वैशाख त्यांनी पाहिलेला नसतो. आपल्याकडे पारा ४२ च्या पुढे जातो आणि पत्र्याखालच्या खोलीत त्याहूनही वर. प्रोसेसरवरचा पंखा हवा थंड करत नाही. तो खोलीतली हवाच प्रोसेसरवर फिरवतो. २५ अंशाच्या खोलीत जो प्रोसेसर ७५ अंशांवर चालतो, तोच ४२ अंशाच्या खोलीत साधारण ९२ वर जाईल. ९५ ते १०० च्या आसपास बहुतेक प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतात. म्हणजे पैसे दिले मोठ्या वेगाचे आणि एप्रिल-मेमध्ये मिळाला छोटा वेग.

सबब वॉट हा आकडा पाहिल्याशिवाय प्रोसेसर घेऊ नये. इंटेलचा १४ व्या पिढीचा आय-नाइन १४९००के भर कामात २५३ वॉटपर्यंत वीज ओढतो. १२ व्या पिढीचा आय-फाइव्ह १२४०० जास्तीत जास्त ११७ वॉट आणि एएमडीचा राईझेन ५ ७६०० सुमारे ८८ वॉट. आपल्याकडे वीज जाते-येते, म्हणून यूपीएस घरोघरी असतो आणि तो बहुधा ६०० व्हीएचा असतो. असा यूपीएस साधारण ३६० वॉटपर्यंतचाच भार पेलतो. २५३ वॉटचा प्रोसेसर आणि २०० वॉटचे ग्राफिक कार्ड मिळून ४५३ वॉट झाले. वीज गेली की यूपीएस शिट्टी मारील आणि सगळेच बंद पडेल. शिवाय १०० वॉट जास्त ओढणारे यंत्र रोज सहा तास चालले तर महिन्याला १८ युनिट जास्त जळतात. बिलावरचा दर घेऊन गुणाकार वाचकांनीच करावा.

धुळीचेही तसेच. कापूस आणि मिरचीच्या गावात कॅबिनेटच्या जाळीवर महिन्याभरात थर बसतो. दर महिन्याला जाळी झाडणे हे दोन हजारांच्या महागड्या पंख्यापेक्षा जास्त उपयोगाचे आहे.

काम तसा प्रोसेसर

आता नेमके बोलू.

ज्याचे काम पत्रिका, प्रश्नपत्रिका, टॅली, ऑनलाइन फॉर्म एवढेच आहे, संध्याकाळी हलकेफुलके गेम खेळायचे आहेत आणि ग्राफिक कार्डाला पैसे नाहीत, त्याने नावाच्या शेवटी जी असलेला राईझेन पाहावा, जसे ५६००जी किंवा ८६००जी. त्यांच्यातील अंगभूत ग्राफिक त्याच वर्गातील इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरपेक्षा जोरकस आहे. मात्र रॅमची एक पट्टी न लावता दोन लावाव्यात, कारण हे ग्राफिक रॅमच उसनी घेऊन चालते. एकाच पट्टीवर त्याचा दम निघतो.

ज्याचे पोट लग्नाच्या चित्रणावर आहे, त्याने इंटेलचा विचार आधी करावा आणि एफ अक्षर टाळावे. इंटेलच्या अंगभूत ग्राफिकमध्ये क्विक सिंक नावाची सोय २०११ पासून आहे. व्हिडिओ उलगडणे आणि पुन्हा बांधणे ही कामे ती वेगळ्या भागाकडून करून घेते. लग्नसराईत एका रात्रीत दोन फिल्मी द्यायच्या असतात, तेव्हा ती सोय उपयोगी पडते.

ज्याच्याकडे ग्राफिक कार्ड आहे किंवा घ्यायचेच आहे आणि गेम हा मुख्य हेतू आहे, त्याने प्रोसेसरवर एकूण पैशांच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त घालू नये. गेमचा वेग बहुतांशी ग्राफिक कार्डावर ठरतो. एएमडीचे एक्स३डी प्रोसेसर, जसे २०२४ चा ९८००एक्स३डी, गेमसाठी सर्वांत पुढे गणले गेले आहेत. पण साधे ग्राफिक कार्ड आणि साधा मॉनिटर असलेल्या घरात तो घेणे म्हणजे बैलगाडीला ट्रकचे इंजिन लावणे होय. सहा कोअरचा साधा प्रोसेसर, मग तो कोणाचाही असो, तेथे पुरतो.

पुढच्या पाच वर्षांचा विचार करताना सॉकेट पाहावे, म्हणजे मदरबोर्डवरचा तो खाचा ज्यात प्रोसेसर बसतो. येथे एएमडीचे पारडे जड आहे. तिच्या एएम४ खाच्यात २०१७ च्या पहिल्या राईझेनपासून २०२२ च्या ५८००एक्स३डीपर्यंतचे प्रोसेसर बसले. अनेकांनी जुना मदरबोर्ड तसाच ठेवून फक्त बायोस सुधारला आणि प्रोसेसर बदलला. २०२२ मध्ये आलेला एएम५ खाचा निदान २०२७ पर्यंत चालवू असे एएमडीने सांगितले आहे. इंटेलचा एलजीए १७०० हा खाचा २०२१ मध्ये आला, १२, १३ आणि १४ व्या पिढीपर्यंत चालला आणि २०२४ मध्ये नव्या मालिकेसाठी खाचा बदलला. ज्याला तीन वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलायचा आहे त्याने एएम५ घ्यावा. ज्याला एकदा घेऊन सात वर्षे हात लावायचा नाही, त्याला या मुद्द्याचे महत्त्व नाही.

पण एएम५ ला डीडीआर५ रॅमच लागते. २०२५ च्या अखेरीस मेमरीचा माल कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या केंद्रांकडे वळला आणि जगभर रॅमचे भाव भडकले. ज्याच्या घरी जुन्या यंत्रातील डीडीआर४ रॅम पडून आहे, त्याने ती वापरता येईल असा एएम४ किंवा डीडीआर४ चालणारा एलजीए १७०० मदरबोर्ड पाहिला तर त्यात कमीपणा नाही. प्रोसेसरचा भाव एकटा पाहू नये; प्रोसेसर, मदरबोर्ड आणि रॅम या तिघांची बेरीज कागदावर मांडावी. पुष्कळदा इंटेल-एएमडीचा वाद त्या बेरजेतच मिटतो.

जुन्या मालाबद्दल सावध राहावे. "आय-सेव्हन आहे, फक्त एवढ्यात" असे सांगून बारा-तेरा वर्षांपूर्वीचे चौथ्या पिढीचे आय-सेव्हन विकले जातात. २०२२ चा साधा आय-थ्री १२१०० त्यांच्यापेक्षा वेगवान आहे. शिवाय विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ साठी कंपनीच्या नियमाप्रमाणे इंटेलची ८ वी पिढी किंवा राईझेनची २००० मालिका, आणि त्यापुढचेच प्रोसेसर चालतात. पिढीचा आकडा न विचारता आय-सेव्हन घेणे म्हणजे वय न विचारता बैल घेणे.

दुकानदार बंधूंना दोन शब्द

येथपर्यंत गिऱ्हाईकाला सांगितले. आता विकणाऱ्याला सांगितले पाहिजे, कारण आमच्याच समाजातील कितीतरी तरुण संगणक जोडणी आणि दुरुस्तीच्या धंद्यात आहेत.

२०२४ मध्ये इंटेलने कबूल केले की १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या अनेक डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये जास्त व्होल्टेज जाऊन ते कायमचे बिघडू शकतात. ऑगस्ट २०२४ पासून बायोससाठी दुरुस्ती देण्यात आली आणि त्या प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवून पाच वर्षे केली. पण जो प्रोसेसर आधीच झिजला, तो बायोसने बरा होत नाही. एएमडीकडेही २०२३ मध्ये काही मदरबोर्डांवर जास्त व्होल्टेजमुळे एक्स३डी प्रोसेसर जळाले आणि बायोस बदलावे लागले. असा वापरलेला प्रोसेसर बाजारात फिरतो तेव्हा तो वरून चकचकीतच दिसतो. त्यात काय झाले आहे हे विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते.

प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असता धान्याच्या एका राशीत त्यांनी हात घातला आणि बोटांना ओल लागली, हा प्रसंग आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, असे प्रेषितांनी त्याला विचारले आणि फसवणूक करणाऱ्याशी आपले नाते नाही हे बजावले. धान्य ओले होते हा त्या माणसाचा गुन्हा नव्हता. ओल खाली दडवली, हा गुन्हा होता. जुना प्रोसेसर विकणे वाईट नाही, एफ अक्षराचा विकणेही वाईट नाही. ते न सांगता विकणे वाईट आहे. माल दोषी निघाला तर परत करण्याचा गिऱ्हाईकाचा हक्क आपल्या फिक्हनेही मानला आहे आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानेही. "डबा फोडला, आता परत नाही" हे वाक्य आमच्या बंधूंच्या दुकानात तरी ऐकू येऊ नये.

वॉरंटीचेही स्पष्ट सांगावे. बॉक्समधील प्रोसेसरवर दोन्ही कंपन्या साधारणपणे तीन वर्षांची वॉरंटी देतात. ट्रेमधून सुटा आलेला प्रोसेसर स्वस्त पडतो, पण त्याची जबाबदारी विकणाऱ्यावर असते, ग्राहकासाठी कंपनीवर नसते. परदेशातून आलेल्या बॉक्सचा प्रश्न आणखी वेगळा. इंटेलच्या भारतातील वॉरंटीच्या वेगळ्या धोरणावर तक्रार झाली होती आणि २०१९ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने तिच्या तपासाचा आदेश दिला होता. एवढ्या मोठ्या पातळीवर ज्याचा वाद गेला, ती गोष्ट गिऱ्हाईकाने बिलावर लिहून घ्यावी : बॉक्स की ट्रे, वॉरंटी किती आणि ती कोण देणार. पक्के बिल घेतले की १८ टक्के जीएसटी लागतो म्हणून आपली माणसे कच्ची चिठ्ठी घेतात. ज्याच्या धंद्याची जीएसटी नोंदणी आहे, त्याला धंद्यासाठी घेतलेल्या यंत्रावरचा तो कर जमा मिळतो. आणि ज्याची नोंदणी नाही, त्याच्यासाठी ते बिल म्हणजेच तीन वर्षांची वॉरंटी आहे.

हप्ता आणि गेम

दोन गोष्टी राहिल्या. पहिली हप्त्याची. "नो कॉस्ट ईएमआय, व्याज नाही" असे सांगून यंत्र गळ्यात घातले जाते. रिझर्व्ह बँकेनेच सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी काही गोष्ट नसते. व्याज कोठेतरी किमतीत किंवा शुल्कात दडलेले असते. कार्डावरच्या अशा हप्त्यात बँक व्याज लावतेच, तेवढी सूट आधी दाखवली जाते आणि त्या व्याजावरचा जीएसटी गिऱ्हाईकाच्या माथी येतो. ज्यांना सूद टाळायचा आहे त्यांनी दुकानदाराला सरळ विचारावे : रोख दिले तर किती? दोन आकड्यांत फरक निघाला तर तो फरक कशाचा, हे वेगळे सांगायला नको. त्यापेक्षा भिशी बरी, घरातले उसने बरे, किंवा सहा महिने थांबून आधी अंगभूत ग्राफिकवर काम चालवणे आणि कमाईतून ग्राफिक कार्ड घेणे बरे.

दुसरी गेमची. मुलाने किती वेळ खेळावे हे घरच्या वडीलधाऱ्यांनी ठरवावे. तो उपदेश या पानाचा नव्हे. मात्र खेळ आणि जुगार यांत फरक करावा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला आणि ई-स्पोर्ट्सला खेळ म्हणून मान्यता दिली. जी गोष्ट आपल्याला आधीपासून मना होती ती आता कायद्यानेही मना आहे. यंत्र कितीही वेगवान घेतले तरी त्याच्यावर काय चालते, याचा हिशेब घरातच ठेवावा लागतो.

तात्पर्य, इंटेल की एएमडी या प्रश्नाला आमचे एका शब्दाचे उत्तर नाही आणि ज्याच्याकडे आहे त्याच्यापासून थोडे सावध राहावे. आधी आपले काम कागदावर लिहावे. मग नावाचे शेवटचे अक्षर, पिढी, वॉट आणि खाचा हे चार रकाने भरावेत. प्रोसेसर-मदरबोर्ड-रॅमची बेरीज करावी. बिल पक्के घ्यावे. हे सारे करूनही दोन्ही पारडी सारखीच राहिली, तर जो दुकानदार दोष आधी सांगतो त्याच्याकडून घ्यावे, मग डबा निळा असो की नारिंगी.

आमच्या भाच्याने पुढे काटकसर करून एक वापरलेले ग्राफिक कार्ड आणले. आणताना विकणाऱ्याच्या घरी बसून तासभर चालवून पाहिले, मगच पैसे दिले. आता कोणी मित्र संगणक घ्यायला निघाला की तो त्याला कंपनी विचारत नाही. आधी विचारतो, "काम काय करणार?"